मानवेल ते पथ्य

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात सध्या दोन विषयांवर कोणीही, कोणाशीही, केव्हाही बोलू शकतो : एक परीक्षा आणि दुसरा वजन. शिक्षक-कक्षात एक प्राध्यापक महोदय घड्याळ समोर ठेवून पंचावन्नाव्या मिनिटाच्या आत डबा संपवितात. त्यांच्याच शेजारी बसणाऱ्या बाई दर दोन तासांनी पर्समधून चार बदाम काढतात. वसतिगृहात कोणी भात सोडला आहे, कोणी गहू सोडला आहे, तर कोणी रात्रीचे जेवणच सोडले आहे. यांपैकी खरे कोण, असा प्रश्न मला पडला, आणि घरच्या एका कारणाने तो जरा गंभीरपणेच सोडवावा लागला. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. तेव्हा हा लेख हिशेबाच्या अंगाने जाईल हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘डाएट’ हा शब्द मूळ ग्रीक ‘डायटा’ या शब्दापासून आला आणि त्याचा अर्थ जगण्याची रीत असा होता. आपला ‘पथ्य’ हा शब्दही ‘पथ’ म्हणजे वाट यावरून आला : वाटेला धरून असलेले, ते पथ्य. दोन्ही शब्दांत कायम चालण्याची कल्पना आहे. तीन महिन्यांपुरती शिक्षा हा अर्थ त्यांना नंतर चिकटला.

स्थूलतेची चिंताही काही आजची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अतिस्थूल, अतिकृश अशा शरीरांवर आहे. तेथे स्थूलापेक्षा कृश बरा असे स्पष्ट म्हटले आहे, कारण दोघांनाही रोग झाला तर तो स्थूलालाच अधिक पीडतो. पोटाला जड, पण पोषणाने हलके असे अन्न स्थूल माणसाला द्यावे, हा त्यातील विचार आजच्या आहारशास्त्रालाही परका वाटणार नाही. युरोपात लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली आपल्या वजनावर एक पुस्तिका छापली. हा मनुष्य व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. पाव, साखर, बटाटे, बीअर सोडून त्याने वर्षभरात ४६ पौंड वजन उतरविले. त्याचे नाव इतके गाजले की स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याला आजही ‘बाँटा’ असे क्रियापद आहे.

महाराष्ट्रात हा विषय खऱ्या अर्थाने घरोघर गेला तो २०१८ च्या सुमारास. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण्याचा मार्ग सांगितला. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा याखेरीज काही घेऊ नये, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन स्रवते, ते जितके वारंवार तितकी चरबी साठण्यास मदत, अशी त्यामागची मांडणी. उलट ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खा असे सांगितले. त्यांचा आग्रह तूप, भात, हंगामी फळे, आपल्या प्रदेशात पिकते ते खाण्याचा. एक म्हणतात दोनदाच खा, दुसऱ्या म्हणतात दोन-दोन तासांनी खा! महाराष्ट्राला वाद प्रिय असल्यामुळे ‘दीक्षित की दिवेकर’ असे तट पडले, आणि गंमत अशी की दोन्ही तटांत वजन उतरलेली माणसे साक्षीला उभी राहिली.

मला हे कोडे वाटले. परस्परविरुद्ध दोन उपाय एकाच रोगावर लागू कसे पडतात?

याचे उत्तर काही मोठ्या प्रयोगांत सापडते. अमेरिकेत बॉस्टन येथे १६० जणांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. चार नामांकित पथ्ये, चार गट, एक वर्ष. पिष्टमय पदार्थ तोडणारे पथ्य त्यात होते, चरबी तोडणारे होते, मधल्या वाटेचीही होती. वर्षाअखेर दिसले असे, की कोणते पथ्य यावर वजनाचा फरक जवळजवळ अवलंबून नव्हता. ते किती नेटाने पाळले यावर मात्र होता. दोन टोकांच्या पथ्यांत तर निम्म्याच्या आसपास माणसे वाटेतच गळाली. पुढे २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. कमी चरबीच्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, कमी पिष्टाच्या गटाचे ६ किलो. हा फरक नगण्य ठरला. कोणाचे इन्सुलिन कसे स्रवते, कोणाची जनुके कशी आहेत, यावरून कोणाला कोणते पथ्य लागू पडेल हे आधी सांगता येईल अशी आशा होती. ती फोल ठरली. मला सर्वांत बोलकी वाटली ती सरासरीच्या आत दडलेली गोष्ट : दोन्ही गटांत काहींचे २५ किलोंहून अधिक उतरले, आणि दोन्ही गटांत काहींचे चक्क वाढले.

जेवणाच्या वेळांविषयीही असेच. चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना उष्मांक (ज्यांना आपण बोलण्यात कॅलरी म्हणतो) सारखेच मोजून दिले; एका गटाने ते सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खायचे. वर्षाने त्या गटाचे ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३, हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे दोनदा जेवणाऱ्याचे वजन उतरते ते बहुतांशी मधला चिवडा, बिस्किटे आणि साखरेचा चहा बंद झाल्यामुळे. आणि दोन-दोन तासांनी खाणाऱ्याचे उतरते ते एकदम भुकेने तुटून पडणे थांबल्यामुळे. वाटा दोन, पण जकातनाका एकच : खाल्लेल्यापेक्षा खर्च अधिक झाला पाहिजे. कोणत्या वाटेने आपण त्या नाक्यापर्यंत न थकता पोहोचू, हे ज्याचे त्याने पाहायचे.

पण मुळात उतरवायचे किती, आणि का? येथे आपल्या पुण्याचे एक काम सांगितलेच पाहिजे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली छापून आले. दोघेही सडपातळ, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मोजली तेव्हा यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त असतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील ३.५ किलोंची, आपली बाळे हाडामांसाने कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. जन्माआधी झालेली उपासमार आणि पुढे आलेली सुबत्ता यांच्या जोडीतून मधुमेह येतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कमरेचा घेर स्त्रियांना ८० सेंटिमीटर व पुरुषांना ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

नंदुरबार जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा कुपोषणासाठी, आणि ते योग्यच आहे. तेथे बसून वजन उतरविण्यावर लिहावे याचे कोणाला हसू येईल. पण वरच्या अभ्यासाच्या उजेडात पाहिले तर या दोन गोष्टी एकाच घराण्यातील आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा हलक्या, तर २४ टक्के जड आढळल्या. आमच्या कळसाडीच्या घरी तर एकाच ओसरीवर दोन्ही प्रकार बसतात.

आता घरचे कारण सांगते. माझ्या थोरल्या चुलतीला, म्हणजे आमच्या मोठ्या मायला, गेल्या वर्षी तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ निघाली. १०० पर्यंत ठीक, १२६ ला मधुमेह. म्हणजे ती उंबरठ्यावर. उंची दीडशे सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कमर ९६. तिच्या आईचा पाय याच रोगापायी गुडघ्याखाली काढावा लागला होता, त्यामुळे तिने ही बातमी हसण्यावारी नेली नाही. डॉक्टरांनी सांगितले, चार-पाच किलो उतरवा. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेतील ३२३४ जणांच्या प्रयोगात (२००२) सात टक्के वजन उतरविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम या उद्दिष्टाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या प्रयोगात (२००६) ते २८.५ टक्क्यांनी घटले, आणि विशेष म्हणजे तेथे वजन फारसे न उतरताही घटले.

तिला एका ठिकाणाहून छापील आहारपत्रक मिळाले. त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली होती. ते पत्रक अकरा दिवस चालले. यात तिच्या निश्चयाचा प्रश्न नव्हता. ज्या बाईने एक दिवस न चुकता तीस वर्षे पहाटे चूल पेटवली, तिच्या निश्चयाविषयी कोणी बोलू नये. ती मला म्हणाली, “घरात आठ माणसं. दोन स्वयंपाक कोण करणार? मी पथ्य पाळू की चूल सांभाळू?” त्या पत्रकाचा खरा दोष तिने या दोन प्रश्नांत दाखविला. ते एकट्या माणसासाठी लिहिलेले होते, आणि आपल्याकडे स्वयंपाक करणारी बाई कधी एकटी जेवत नाही. तिचे पथ्य घराच्या पातेल्यातच शिजले पाहिजे.

मोठ्या बाबांनी दोन जेवणांचा मार्ग धरला आणि तो त्यांना छान मानवला. सकाळी दहाला भाकरी खाऊन शेतात जायचे आणि सातला परत येऊन जेवायचे, ही त्यांची मूळचीच रीत. मधला हॉटेलातला चहा-भजी तेवढा सुटला. ७४ चे ७० झाले. मोठ्या मायला मात्र तो जमेना. दिवसभर चुलीपाशी राहून, चव पाहून, मुलांचे उरलेले ताटात टाकू नये म्हणून तोंडात टाकून दोनदाच खाणे हे केवळ कागदावर शक्य होते.

मग आम्ही हिशेब मांडला. तीन दिवस जे जे घरात शिजले ते किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर आणि वाटी-पळीच्या मापाने मी वहीत उतरविले. संशय होता भाकरीवर, आणि सापडले तेल. शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा घरात बरोबर महिनाभर पुरत होता; डब्यावर तो फोडल्याची तारीख खडूने लिहिण्याची मोठ्या मायची सवय असल्याने यात वादाला जागा नव्हती. पंधरा हजार ग्रॅम, आठ माणसे, तीस दिवस : माणशी रोज ६२ ग्रॅम. शास्त्रज्ञ सांगतात पंचवीस-तीस. तेलाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणजे माणशी साडेपाचशेच्या वर उष्मांक केवळ तवंगातून! आमच्या खानदेशात भाजीवर तेलाचा तवंग नसला तर पाहुण्याला अपमान वाटतो, आणि शेवभाजीत तर शेवही तळलेली नि रस्साही तेलाचा. हे सारे शेतात दहा तास राबणाऱ्या शरीरासाठी ठरलेले माप. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटार ओढते, पळी तेवढी जुनीच राहिली.

दुसरा आकडा साखरेचा. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. पन्नास ग्रॅम साखर, दोनशे उष्मांक. शहाद्याकडचा भाग उसाचा. येथे फिका चहा देणे म्हणजे घराला दारिद्र्य आल्याची दवंडी.

भाकरीविषयी एक गैरसमज आमच्याकडे होता, तो येथेच दूर करते. ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, कितीही खावी, असे पुष्कळांना वाटते. वजनास वजन धरले तर ज्वारीचे आणि गव्हाचे पीठ उष्मांकात जवळजवळ सारखेच, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आत-बाहेर. भाकरीला चपातीसारखे तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, हे तिचे खरे गुण. उपवासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट आणि तूप मिळून एका बशीत साडेचारशेच्या आसपास उष्मांक सहज भरतात. देवाला उपास घडतो, शरीराला मेजवानी!

बदल केले ते मोजून चार. भाजीला सहा पळ्यांऐवजी चार, आणि तळण आठवड्यातून एकदा. चहा तीन वेळा, अर्धा चमचा कमी-जास्त चालेल पण दोन नाही. तिने एकावर आणले. रात्री तीन भाकरींच्या दोन, आणि तिसरीच्या जागी वाटीभर घट्ट डाळ, मठ किंवा चवळी, कारण प्रथिनांनी पोट भरल्यासारखे अधिक वेळ वाटते. सोमवारी साबुदाण्याऐवजी भगर नि ताक. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा हे सारे जागच्या जागी राहिले. एकेक बदल चार-चार आठवड्यांनी केला, एकदम नव्हे. नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. जेवल्यावर गल्लीतल्या दोघी-तिघींबरोबर फाट्यापर्यंत चालणे तिने आपणहून सुरू केले. हेतू आरोग्याचा किती आणि गप्पांचा किती, हे मी विचारले नाही.

डबा आता ४७ दिवस जातो. म्हणजे माणशी ४० ग्रॅम. अजून जास्तच, पण बावीस ग्रॅम कमी. तेलाचे दोनशे आणि साखरेचे एकशेचाळीस असे रोजचे ३४० उष्मांक वाचले. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक, या हिशेबाने सहा महिन्यांत आठ किलो उतरायला हवे होते. प्रत्यक्षात साडेचार उतरले. कागद आणि काटा यांच्यात ही तफावत नेहमीच येते. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही कमी होतो, भूक मात्र वाढते. शिवाय लग्नसराईतले जेवण कोणत्याच वहीत चढत नाही. ६८ चे ६३.५, कमर ९६ ची ८९, साखर १०१. अजून उंबरठ्यावरच, पण आतल्या बाजूला पाय कमी. पाचव्या महिन्यापासून काटा हललेला नाही, आणि डॉक्टर म्हणाले, न वाढणे हेच आता काम समजा.

ज्यांना असा प्रयोग करावयाचा असेल त्यांना काट्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटू नयेत. यकृत आणि स्नायूंत साठलेली साखर पाणी धरून असते. खाणे घटले की ती साखर संपते आणि पाणी जाते. एका दिवसात वजन किलोभर इकडे-तिकडे होणे साधारण आहे. म्हणून आठवड्यातून एकच वार, सकाळची वेळ, तोच काटा. आणि कमरेला शिंप्याची टेप. महिना झाला की स्वतःला विचारावे, रात्री भुकेने झोप मोडते काय? घरच्यांबरोबर एका पंगतीला बसता येते काय? आखाजीला सांजोरी आणि आमरस आला तर हे पथ्य वाकेल, की मोडेल? मोठ्या मायने आखाजीला दोन खापराच्या पोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार पळ्यांवर आली. मला वाटते, तिचे पथ्य तेथे उत्तीर्ण झाले.

२०२५ साली वजन उतरविण्याची इंजेक्शने आपल्या देशातही विक्रीस आली. ती प्रभावी आहेत यात शंका नाही. पण एका मोठ्या अभ्यासात औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. ती कोणी घ्यावी हे डॉक्टरांनी ठरवावे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळू नये. साखर एकाएकी खाली जाऊन मनुष्य बेशुद्ध पडतो. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढीच्या वयातील मुले यांच्यासाठी यातले काहीही नाही.

आणि माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना उद्देशून थोडेसे. दुपारचे जेवण सोडून नुसत्या काकडीवर राहणाऱ्या ज्या चौघी-पाचजणी मला ठाऊक आहेत, त्यांतील एकीचाही निर्देशांक २३ च्या वर नाही, दोघींचा १८.५ च्या खाली आहे, म्हणजे त्यांना वजन वाढविण्याची गरज आहे. याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना लागणारा दम आणि संध्याकाळच्या तासाला येणारी झापड लठ्ठपणाची आहे की रक्त कमी असल्याची, हे आरशात दिसत नाही. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळते, काटा आणि उंचीची पट्टीही तेथेच असते. सोमवारी मला शेवटचा तास नसतो. कोणाला यायचे असेल तर बरोबर जाऊ.